हलका कार्बन फायबर ट्रायपॉड निवडताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न जवळपास विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. ट्रायपॉड आधीच घेऊन झाला असेल तर १३व्या प्रश्नापासून पुढे वाचा. तिथून वापर, बिघाड आणि देखभाल सुरू होते.

१. कार्बन फायबरचा ट्रायपॉड ॲल्युमिनियमपेक्षा नेमका कशात सरस?

मुख्यतः वजनात. कार्बन फायबर आणि इपॉक्सी मिळून जी नळी बनते तिची घनता घन सेंटिमीटरला साधारण १.६ ग्रॅम, ॲल्युमिनियमची २.७. म्हणून अख्खा ट्रायपॉड ४० टक्के हलका होईल असं मात्र धरू नका. कार्बनच्या असतात त्या फक्त नळ्या. वरचा सांगाडा, बिजागऱ्या, हेड (कॅमेरा ज्यावर बसतो तो वरचा भाग) हे दोन्हीकडे धातूचंच असतं. तेवढ्याच उंचीच्या आणि जाडीच्या दोन ट्रायपॉडमध्ये फरक पडतो तो बहुधा २० ते ३० टक्क्यांचा. शिवाय कार्बनमध्ये थरथर लवकर विरते, आणि कडाक्याच्या थंडीत उघड्या हाताने धरला तरी तो ॲल्युमिनियमसारखा झोंबत नाही. १९९४ मध्ये गिट्झो या कंपनीने पहिला कार्बन फायबर ट्रायपॉड आणला, तेव्हापासून एक उणीव मात्र कायम आहे : आपटल्यावर ॲल्युमिनियमला पोचा पडतो, कार्बनला तडा जातो.

२. मला खरंच कार्बन हवा का, की ॲल्युमिनियमवर भागेल?

ट्रायपॉड खोलीतच उभा राहणार असेल किंवा गाडीच्या डिकीतून काढून दहा पावलांवर लावायचा असेल, तर ॲल्युमिनियम घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या हेडवर घाला. स्टुडिओत तर जड ट्रायपॉड बरा, धक्का लागला तरी जागचा हलत नाही. पाठीवर घेऊन तासभराहून जास्त चालायचं असेल, तर कार्बनचे पैसे वसूल होतात. जड म्हणून घरी राहिलेल्या ट्रायपॉडने कोणाचाच फोटो स्थिर होत नाही.

३. पेटीवर ‘८ लेअर’, ‘१० लेअर’ लिहिलेलं असतं. जास्त लेअर म्हणजे जास्त मजबूत?

तसं नाही. नळीची भिंत दीड मिलिमीटरच्या आसपास असते. तेवढ्याच जाडीत आठ थर बसवले की दहा, यावरून फारसं काही कळत नाही. खरा प्रश्न तंतू कोणत्या दिशेने ठेवलेत हा आहे : लांबीच्या दिशेचे तंतू नळीला वाकू देत नाहीत, तिरके तंतू पिळू देत नाहीत. ही माहिती पेटीवर छापलेली नसते. वरून दिसणारी चौकड्यांची वीण बऱ्याचदा शोभेचा शेवटचा थर असते, तिच्यावर भाळू नका.

४. मग नळीचा व्यास किती असावा?

सगळ्यांत जास्त लक्ष या आकड्याकडे द्या. भिंतीची जाडी तीच ठेवली तर नळीचा ताठपणा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. २२ मिलिमीटरची नळी २८ची केली की वजन सव्वापट होतं, ताठपणा दुप्पट. वजन वाचवायला नळी बारीक करणं हा म्हणूनच सर्वांत महागात पडणारा मार्ग आहे. वाचवायचंच तर सेंटर कॉलम, म्हणजे मधला वर-खाली सरकणारा दांडा, काढा (प्रश्न ७), उंची थोडी कमी घ्या (प्रश्न ६), हेड लहान घ्या (प्रश्न ११); नळीला हात लावू नका.

अंदाजासाठी सर्वांत वरच्या, म्हणजे जाड नळीचे व्यास : मोबाइल किंवा छोट्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याला २२ मिलिमीटर चालेल. मिररलेस आणि २४-७० मिलिमीटरसारखी लेन्स असेल तर २५ ते २८. ७०-२०० किंवा १००-४०० वापरत असाल तर २८ ते ३२. ५०० किंवा ६०० मिलिमीटरच्या मोठ्या प्राइम (झूम न होणाऱ्या) लेन्सला ३६च्या पुढे.

जाहिरातीत सांगतात तो वरच्या नळीचा व्यास. भार शेवटी जमिनीपर्यंत नेते ती सर्वांत बारीक नळी, आणि दर सेक्शनला (एकात एक सरकणाऱ्या प्रत्येक नळीला) व्यास साधारण ३ ते ४ मिलिमीटरने उतरतो. २५ने सुरू झालेला पाच सेक्शनचा पाय तळाशी १२-१३ मिलिमीटरवर येतो, म्हणजे बोटाएवढा. दुकानात शेवटचा सेक्शन बाहेर काढून बघा. तो दोन बोटांत धरून वाकवल्यावर लवतोय असं जाणवलं, तर वरच्या आकड्याला अर्थ नाही.

५. पायाला तीन सेक्शन, चार की पाच?

बहुतेकांनी चार घ्यावेत. तीन सेक्शनचा पाय ताठ असतो आणि पटकन उघडतो, पण मिटल्यावरही ६० सेंटिमीटरच्या वर राहतो. चारचा ५० ते ५५ला मिटतो. पाचचा ४०-४५ला मिटून बॅगेत मावतो, पण तळाची नळी बारीक होते आणि तीन पायांचे मिळून बारा लॉक उघडायचे, बारा लावायचे. प्रत्येक जोड हा सैल पडू शकणारा एक बिंदू असतो. पाच सेक्शन केवळ प्रवासाची अडचण म्हणून घ्या, हौस म्हणून नको.

६. माझी उंची १७० सेंटिमीटर आहे. ट्रायपॉड किती उंच घेऊ?

डोक्याच्या टोकापासून डोळे साधारण १२ सेंटिमीटर खाली असतात, म्हणजे १५८. त्यातून हेडचे १० आणि कॅमेऱ्याच्या तळापासून व्ह्यूफाइंडरपर्यंतचे ७-८ वजा करा. उरले १४०. कॉलम न उचलता पायांची उंची १४० भरली की सपाट जमिनीवर वाकावं लागणार नाही. उतारावर किंवा दगडांत एक पाय खाली जातो, म्हणून डोंगरात फिरणाऱ्यांनी १० ते १५ सेंटिमीटर जास्त धरावेत. उलट मागचा स्क्रीन वर वळत असेल आणि तुम्ही त्यातच बघत असाल, तर १२०-१२५ पुरतात; तेवढंच वजनही वाचतं.

माहितीपत्रकात ‘कमाल उंची’ बऱ्याचदा कॉलम पूर्ण वर काढून दिलेली असते. ‘कॉलम खाली असताना’चा आकडा शोधा. तो दिलाच नसेल तर स्वतः टेप लावा.

७. सेंटर कॉलम असावा की नसावा?

कॉलम वर काढला की तीन पायांच्या ट्रायपॉडवर तुम्ही एक मोनोपॉड, म्हणजे एकपायी दांडा, उभा करता. कॅमेरा आधारापासून जितका लांब, तितकी थरथर जास्त. आमचं मत : लँडस्केप आणि टेलिलेन्सवाल्यांनी (टेलिलेन्स म्हणजे दूरचं जवळ दाखवणारी लांब लेन्स) कॉलम नसलेला घ्यावा, किंवा निघणारा असेल तर काढून घरी ठेवावा. २०० ते ३०० ग्रॅम वाचतात आणि पाय पूर्ण पसरवून कॅमेरा जमिनीलगत नेता येतो. टेबलावरच्या वस्तूंचे फोटो काढणाऱ्यांना मात्र कॉलम सोयीचा. दर वेळी तिन्ही पाय जुळवत बसण्यापेक्षा दोन सेंटिमीटर कॉलम उचलणं परवडतं.

८. ट्रायपॉडवर ‘लोड १५ किलो’ लिहिलंय आणि माझा कॅमेरा लेन्ससह दोन किलोचा. मग चिंता नाही ना?

भार पेलणं आणि थरथर न होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. १५ किलो ठेवल्यावर लॉक घसरले नाहीत, एवढंच तो आकडा सांगतो, आणि प्रत्येक कंपनी तो आपापल्या पद्धतीने ठरवते. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. नळीचा व्यास (प्रश्न ४) आणि प्रत्यक्ष चाचणी (प्रश्न ९) यांवरून ठरवा.

९. दुकानात उभ्या उभ्या चाचणी कशी घेऊ?

आपला कॅमेरा आणि सर्वांत लांब लेन्स सोबत न्या.

ट्रायपॉड पूर्ण उंचीवर, कॉलम खाली, सगळे लॉक लावलेले. हेड स्वतःचं असेल तर तेच बसवा. लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं थेट दृश्य) चालू करून समोरच्या एखाद्या लेबलवरची अक्षरं १० पट मोठी करा. आता लेन्सच्या टोकाला बोटाने हलकी टिचकी मारा आणि स्क्रीनवरची अक्षरं थांबायला किती वेळ लागतो ते मनात मोजा. एक सेकंदाच्या आत थांबली तर उत्तम. दोन-तीन सेकंद डुलत राहिली तर त्या लेन्सला तो ट्रायपॉड कमी पडतोय. बाजूला ठेवलेल्या दुसऱ्या ट्रायपॉडवर लगेच तीच टिचकी मारून बघा; तुलनेशिवाय हा अंदाज येत नाही.

मग वरची थाळी दोन्ही हातांनी धरून घड्याळाच्या दिशेने आणि उलट पिळा. थोडा पीळ प्रत्येकात असतो. ‘टक’ असा आवाज येऊन खेळ जाणवला तर बिजागरी सैल आहे. ते ॲलन कीने (षटकोनी किल्लीने) घट्ट करून मिळतं का बघा, नाही मिळालं तर ठेवून द्या. शेवटी शरीराचं थोडं वजन थाळीवर टाका. कुठलाही पाय सरकला तर तो लॉक बिघडलेला किंवा मळलेला.

१०. ट्विस्ट लॉक बरे की फ्लिप लॉक?

सवयीचा प्रश्न आहे. फ्लिप लॉक (खटका दाबून बसणारा) लागलाय की नाही ते लांबून दिसतं, पण तो फांद्यांत आणि बॅगेच्या पट्ट्यात अडकतो आणि काळाने सैल पडतो. मग त्याचा स्क्रू आवळावा लागतो. ट्विस्ट लॉक (कडी पिळून बसणारा) आटोपशीर असतो, आणि मिटलेल्या पायाचे सगळे लॉक एका मुठीत धरून एकदम सोडता येतात. मात्र आत वाळू गेली की कुरकुरतो (साफसफाई प्रश्न १८मध्ये). ट्विस्ट घेताना सेक्शन आतल्या आत गरगर फिरत नाही ना, ते बघून घ्या. नाहीतर लॉक एका हाताने उघडत नाही.

११. हेड कोणतं घ्यावं? त्याचं वजन ट्रायपॉडमध्ये धरलेलं असतं का?

बऱ्याचदा धरलेलं नसतं, त्यामुळे ‘१.२ किलो’ वाचून हुरळून जाऊ नका. ठीकठाक बॉल हेड (गोळ्यावर सगळीकडे फिरणारं) ३०० ते ५०० ग्रॅमचं असतं. फिरस्तीला बॉल हेड : मिररलेसला ३० ते ३६ मिलिमीटरचा बॉल, ७०-२००ला ४० ते ४४. इमारती आणि वस्तूंच्या फोटोंना गिअर्ड हेड (दातेरी चाकांनी थोडं थोडं फिरणारं), कारण त्यात एक अक्ष हलवताना दुसरा बिघडत नाही. उडते पक्षी आणि मोठी टेलिलेन्स असेल तर गिंबल (लेन्स तोलून झुलती ठेवणारं हेड). व्हिडिओला फ्लुइड हेड (धक्का न बसता संथ फिरणारं), आणि त्यासोबत पातळी साधायला ७५ मिलिमीटरची वाटी असलेला ट्रायपॉड, म्हणजे दर वेळी पाय कमीजास्त करावे लागत नाहीत.

१२. माझं जुनं हेड किंवा प्लेट नव्या ट्रायपॉडवर बसेल का?

हेड आणि पाय यांच्यातला स्क्रू बहुधा ३/८ इंची असतो, कॅमेऱ्याखालचा १/४ इंची. हेडचं भोक ३/८ आणि पायांवरचा स्क्रू १/४ असेल तर मध्ये बसवायला १/४ ते ३/८ची बारीक बुश मिळते. प्लेट म्हणजे कॅमेऱ्याखाली लावून हेडच्या क्लॅम्पमध्ये (पकडीत) अडकवायचा चपटा तुकडा. ती आर्का-स्विस पद्धतीची, ३८ मिलिमीटर रुंदीची आणि तिरप्या कडांची, सोयीची पडते, कारण अनेक कंपन्या ती वापरतात. तरी कडांच्या मापात किंचित फरक असतो. खटका ओढून बसणाऱ्या क्लॅम्पमध्ये दुसऱ्या कंपनीची प्लेट सैल राहू शकते, स्क्रूने आवळणाऱ्या क्लॅम्पमध्ये ती अडचण येत नाही.

१३. बॉल हेड घट्ट आवळलं तरी हात सोडताच फ्रेम खाली येते. हेड खराब आहे का?

थोडी घसरण प्रत्येक बॉल हेडला असते. लांब लेन्सवर ती जास्त दिसते. खराबी ठरवण्याआधी तीन जागा तपासा. प्लेट कॅमेऱ्याखाली फिरतेय का? स्क्रू आवळा, आणि प्लेटवर जाड मऊ रबर असेल तर रबर नसलेली प्लेट घ्या. दबतं ते रबर. बॉलवर बोटाचं तेल आहे का? कोरड्या स्वच्छ कापडाने पुसा, त्यावर ग्रीस लावू नका. पॅन करताना, म्हणजे कॅमेरा आडवा फिरवताना, हेडच स्क्रूवरून सुटतंय का? थाळीच्या खालून वर येणारे दोन-तीन बारीक ग्रब स्क्रू असतात, आधी हेड पूर्ण बसवून मग ते ॲलन कीने लावायचे. अनेकांना ते आहेत हेच ठाऊक नसतं.

१४. उभी फ्रेम घेताना किंवा लांब लेन्स लावल्यावर सगळं एका बाजूला झुकतं. उपाय?

उभ्या फ्रेमला एल ब्रॅकेट (L आकाराची प्लेट) लावा, म्हणजे वजन मध्यावरच राहतं. लांब लेन्सला स्वतःची कॉलर (लेन्सभोवतीची, खाली पाय असलेली कडी) असेल तर प्लेट कॉलरच्या पायाला लावा, कॅमेऱ्याला नको. ट्रायपॉडचा एक पाय नेहमी लेन्सच्या दिशेने पुढे असू द्या. उतारावर दोन पाय खालच्या बाजूला, एक वर.

१५. ट्रायपॉड लावूनही फोटो हललेला येतो. असं का?

बहुतेक वेळा दोष ट्रायपॉडचा नसतो. आधी हे करून बघा :

शटर बोटाने दाबू नका; दोन सेकंदांचा टायमर लावा किंवा रिमोट वापरा. लेन्स २०० मिलिमीटरच्या पुढे असेल तर दोन सेकंद कमी पडतात, दहाचा टायमर लावा. डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) असेल तर १/३० ते १ सेकंद या पट्ट्यात आरसा उचलल्याचा धक्का फोटोत उतरतो, तेव्हा मिरर लॉक-अप करा, म्हणजे आरसा आधीच उचलून ठेवा. मिररलेसमध्ये इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (शटरची सुरुवात पडदा न हलवता करणारा पर्याय) निवडा. स्टॅबिलायझर (थरथर भरून काढणारी यंत्रणा) बंद करून आणि चालू ठेवून एकेक फोटो घ्या : काही लेन्सना कॅमेरा ट्रायपॉडवर आहे हे कळतं, काही उगाच नसलेली थरथर दुरुस्त करत बसतात. कॅमेऱ्याचा गळ्यातला पट्टा काढा, वाऱ्यात तो शिडासारखा फडफडतो. आणि जमीन बघा : लाकडी फळ्यांच्या पुलावर तुम्हीच पाय बदललात तरी कॅमेरा हलतो.

एवढं करूनही हलला, तर प्रश्न ९ची टिचकी.

१६. हलका ट्रायपॉड वाऱ्यात डोलतो. बॅग टांगू का?

टांगा, पण लोंबकळू देऊ नका. हवेत झुलणारी बॅग लंबकासारखी हलते आणि ट्रायपॉडलाही हलवते. दोरी इतकी लांब ठेवा की बॅगेचा तळ जमिनीला जेमतेम टेकेल. त्याआधी सर्वांत बारीक सेक्शन आत घ्या आणि ट्रायपॉड बुटका करा. वारा जोराचा असेल तर उंची निम्मी करण्याचा फायदा बॅगेपेक्षा जास्त होतो.

१७. समुद्राच्या पाण्यात आणि वाळूत वापरला तर चालतो का? कार्बन तर गंजत नाही.

कार्बन गंजत नाही, पण त्याला चिकटलेलं ॲल्युमिनियम गंजतं. कार्बन वीजवाहक असल्यामुळे दोघांच्या मध्ये खारं पाणी आलं की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि जोडाजवळ पांढरी पूड दिसू लागते. पाण्यात उतरताना नेहमीचा क्रम उलटा करा : सर्वांत खालचा, बारीक सेक्शन आधी पूर्ण बाहेर काढा, म्हणजे लॉक पाण्याच्या आणि वाळूच्या वर राहतो. परतल्यावर पाय मिटण्याआधी गोड्या पाण्याने धुवा. मिटून धुतला तर वाळू लॉकमध्येच ढकलली जाते. मग पूर्ण उघडा ठेवून सावलीत रात्रभर वाळवा.

१८. ट्विस्ट लॉक कुरकुरतोय किंवा घसरतोय. घरी उघडून साफ करता येईल का?

येईल. एका वेळी एकच पाय उघडा, म्हणजे भाग इकडचे तिकडे होत नाहीत, आणि शंका आली तर बघायला दुसरा पाय जुळलेला असतो.

लॉकची कडी पूर्ण फिरवून सोडा आणि बारीक नळी बाहेर ओढा. तिच्या वरच्या टोकाला प्लास्टिकच्या दोन अर्धगोल पट्ट्या असतात; बहुतेक मॉडेलमध्ये प्रत्येकीवर छोटा उंचवटा असतो आणि तो नळीच्या भोकात बसतो. त्याखाली चिरलेली, निमुळती कॉलर. सगळं काढा, मोबाइलवर एक फोटो घेऊन ठेवा. सौम्य साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशने आटे घासा, भाग पूर्ण कोरडे होऊ द्या. धातूच्या आट्यांवर ग्रीसचा अगदी पातळ थर, भाताच्या दाण्याएवढं पुरतं. नळीवर, पट्ट्यांवर किंवा कॉलरच्या आतल्या बाजूला ग्रीस लागलं तर लॉक पकडणारच नाही. गंज सोडवणारा स्प्रे मारू नका. तो असलेलं ग्रीसही धुऊन नेतो. जुळवताना निमुळती बाजू कोणत्या दिशेला होती ते फोटोत बघा. बसवल्यावरही घसरत असेल तर बहुधा कॉलर उलटी बसली आहे किंवा पट्ट्या झिजल्यात, आणि पट्ट्या वेगळ्या विकत मिळतात.

१९. नळीवर चरा पडलाय. वापरू की नको?

नख अडकत नसेल तर तो वरच्या लेपावरचा चरा आहे, विसरून जा. नख अडकत असेल, तंतू बाहेर आलेले असतील किंवा दाबल्यावर करकर आवाज येत असेल तर नळी बदला. तोवर त्या जागी टेप गुंडाळा, मजबुतीसाठी नव्हे, तर कार्बनच्या कुसळांपासून हात वाचवायला. नळी कापायची वेळ आली तर मास्क लावा, धूळ श्वासात जाऊ नये.

वरची नळी धातूच्या खांद्यातून सुटून गोल फिरू लागली तर ती तुटलेली नसते, गोंद सुटलेला असतो. दोन्ही पृष्ठभाग घासून, स्पिरिटने पुसून, दोन भागांच्या इपॉक्सीने चिकटवता येते. २४ तास भार देऊ नका. वॉरंटी असेल तर मात्र स्वतः हात घालू नका.

२०. वापरलेला ट्रायपॉड घेताना काय बघू? नकली कार्बनही असतो म्हणे.

असतो : ॲल्युमिनियमच्या नळीवर कार्बनसारख्या नक्षीचं आवरण. चुंबकाने कळणार नाही, ॲल्युमिनियमही चिकटत नाही. एक सेक्शन पूर्ण बाहेर काढून नळीची कापलेली कडा बघा. चंदेरी दिसली तर धातू, काळी आणि थरावर थर असलेली दिसली तर कार्बन.

मग नाण्याने नळीवर वरून खाली ठोकत या. आवाज एकसारखा हवा. मध्येच कुठे बोदा झाला तर आतले थर सुटलेत. लॉकच्या लगतची जागा खास बघा, जास्त आवळणाऱ्यांच्या हातून तडे तिथेच जातात. बाकी प्रश्न ९ आणि १३मधल्या तपासण्या.

२१. विमानात सोबत नेता येतो का?

नियम विमान कंपनीप्रमाणे आणि विमानतळाप्रमाणे बदलतात, आधी विचारून घ्या. मिटलेली लांबी ५० सेंटिमीटरच्या आत असेल तर केबिन बॅगेत मावण्याची शक्यता चांगली. टोकदार खिळ्यांचे पाय आणि ॲलन की सामानात टाका, हाताशी ठेवू नका. ट्रायपॉडच सामानात टाकत असाल तर हेड काढून कपड्यांत गुंडाळा. आपटल्यावर नुकसान होतं ते हेडच्या वजनाने खांद्याला.

२२. विजा चमकत असताना कार्बनचा ट्रायपॉड ॲल्युमिनियमपेक्षा सुरक्षित का?

नाही. कार्बनही वीजवाहक आहे (प्रश्न १७मधली पांढरी पूड त्यामुळेच). उघड्या पठारावर दीड मीटरचा ट्रायपॉड लावून शेजारी उभं राहू नका. विजेचे फोटो काढायचे असतील तर ट्रायपॉड आणि स्वतःलाही घरात ठेवा आणि बंद खिडकीच्या काचेतून काढा, किंवा सगळ्या काचा वर केलेल्या गाडीत बसून. ट्रायपॉड उघडून खांद्यावर नेताना डोक्यावरच्या तारांकडे पाहा.